खोटं रक्त आणि सोळा वर्षांची इंटर्न

परवा ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला. मुलगी सोळा वर्षांची, शाळेने इंटर्नशिप कंपल्सरी केलीय, तुमच्याकडे काही होईल का, आणि लगेच पुढचं वाक्य, "फक्त तिला ते रक्तबिक्त दाखवू नका हं, ऑफिसमध्ये बसून कॉम्प्युटरवर काही काम असेल तर द्या." मी हो-हो म्हणाले, फोन ठेवला आणि मग दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं. कारण आमच्याकडे खरं रक्त नसतंच मुळी.

मी इमर्जन्सी रिस्पॉन्सचं ट्रेनिंग देणाऱ्या एका छोट्या कंपनीत शिकवते. ऑफिसं, कारखाने, शाळा, हॉटेलं अशा ठिकाणी जायचं आणि लोकांकडून सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं), एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन), घशात काही अडकलं तर काय, रक्त वाहत असेल तर कुठे दाबायचं, आग लागली तर इमारत कशी रिकामी करायची, हे हाताने करून घ्यायचं. रक्त असतं ते बाटलीतलं, ग्लिसरीनमध्ये लाल रंग कालवून आम्हीच केलेलं, फरशीवरून पटकन निघतं आणि कपड्यावरून जन्मात निघत नाही. हृदय बंद पडलेला माणूस प्लास्टिकचा. एईडीसुद्धा ट्रेनिंगचा, "शॉक देत आहे, दूर व्हा" असं अगदी गंभीर आवाजात सांगतो आणि देत काहीच नाही. धूर मशीनचा. सगळंच खोटं. खरी असते ती फक्त माणसांची तंतरलेली अवस्था, आणि सोळा वर्षांच्या पोराने बघावी, शिकावी अशी गोष्ट नेमकी तीच आहे. ती इतक्या सुरक्षितपणे दुसरीकडे कुठे बघायला मिळते हे मला तरी माहीत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते, मग ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडा. हायस्कूलच्या मुलांना इंटर्नशिपला पाठवायला अशा ट्रेनिंग कंपनीइतकी चांगली जागा नाही. पण त्यांना हॉलमध्ये उभं करा, ऑफिसात कोंबू नका, आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तर अजिबात बसवू नका. आणि जे काय ते शिकतील ते परत त्यांच्या वर्गात गेलं पाहिजे. ते जाणार नसेल तर मग हा सगळा खटाटोप एका मुलाच्या सीव्हीवरच्या एका ओळीसाठी चाललाय, आणि त्यासाठी मला माझे सहा आठवडे घालवायचे नाहीत.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी होती, सहा आठवडे. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आली, हातात वही, आणि मी तिला दिला स्पिरिटच्या पुसण्यांचा डबा. डमी साफ करायच्या होत्या. तोंड पुसायचं, जबडा काढून धुवायचा, आतली फुप्फुसाची प्लास्टिक पिशवी काढून नवीन बसवायची, नाहीतर दुसऱ्या बॅचला पहिल्या बॅचचा श्वास मिळतो. बारा डमी होत्या. तिचा चेहरा बघून मला कळलं की हिला वाटतंय आपल्याला झाडू-पोछा लावला. मी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, मॅडम, सात नंबरच्या डमीचा क्लिक येत नाहीये, स्प्रिंग गेलीय, लोक बरोबर दाबतायत पण त्यांना वाटतंय आपण चुकतोय म्हणून अजून जोरात दाबतायत. आता ही गोष्ट माझ्या दोन सिनियर ट्रेनरच्या लक्षात आली नव्हती! छाती कमीत कमी ५ सेंटीमीटर दबली पाहिजे आणि ६ च्या पुढे जायला नको, दाबल्यावर पूर्ण वर येऊ द्यायची, मिनिटाला १०० ते १२० चा वेग, हे आम्ही दिवसाला पन्नास वेळा सांगतो, आणि ज्या वस्तूवर ते शिकवतो तीच खोटं बोलत होती. ज्याने ती वस्तू उघडून पुसली त्यालाच ते कळलं.

डमीवरून आठवलं. जगभर सीपीआर शिकवायला जी बाहुली वापरली गेली ती १९६० च्या सुमाराला ऑस्मुंड लार्दाल नावाच्या नॉर्वेतल्या खेळणीवाल्याने केली. त्याच्या स्वतःच्या लहान मुलाला बुडताना त्याने बाहेर काढून वाचवलं होतं. चेहरा घेतला तो पॅरिसमधल्या एका अनोळखी तरुणीच्या मुखवट्याचा, ती सीन नदीत सापडली होती अशी दंतकथा आहे. हे मी दर बॅचला सांगते, लोकांना आवडतं. तर ही मुलगी एकदा हे ऐकून म्हणाली, चेहरा बाईचा आहे तर मग छाती सपाट का? मी गप्प. अकरा वर्षं शिकवतेय, मला कधी हा प्रश्न पडला नाही, म्हणजे पडला असेल पण मी सोडून दिला असेल. अमेरिकेतल्या हजारो केसेसवरून काढलेल्या आणि २०१७ साली मांडलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की सार्वजनिक ठिकाणी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्के लोकांना आजूबाजूच्यांनी सीपीआर दिला आणि बायकांपैकी ३९ टक्के. लोक हात लावायला कचरतात. आणि आम्ही सराव कशावर करून घेतो तर सपाट छातीवर, तीही उघडी. त्यानंतर आम्ही दोन डमींना कपडे घालून, आत पॅड भरून, शर्टाची बटणं लावून ठेवायला सुरुवात केली. मोठी माणसं तिथे अडखळतात, बटणाशी. तो अडखळण्याचा अर्धा मिनिट हॉलमध्ये झालेला परवडतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे हॉलमध्ये तिला काय दिसलं. तिसऱ्या आठवड्यात एका ऑफिसचं ड्रिल होतं. तिच्या मांडीवर आम्ही जखमेचा मेकअप केला, पँटच्या आत नळी, मागे एकजण पंप दाबणार, की रक्त उसळल्यासारखं येतं. तिला जिन्याजवळ झोपवलं. सव्वीस लोक होते, सगळ्यांनी आदल्या दिवशी थिअरी ऐकली होती, टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, कुठे बांधायचा हे लेखी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. ड्रिल सुरू झालं आणि पहिली चाळीस सेकंद, मी घड्याळ लावलं होतं, कोणी हललं नाही. दोघंजण हसले. एकाने मोबाईल काढला, फोन करायला नाही, कशाला ते तुम्हाला माहीत आहे. नंतर एक बाई पुढे आल्या आणि मग एकदम नऊजण आले, आणि नऊजण आल्यावर पुन्हा कोणीच काही करेना.

डीब्रीफमध्ये, म्हणजे ड्रिलनंतरच्या चर्चेत, मी नेहमीसारखी १९६८ च्या त्या प्रयोगाची गोष्ट सांगणार होते, लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा, खोलीत धूर सोडायचा आणि बघायचं कोण उठून सांगतं. एकटा माणूस असेल तर ७५ टक्के लोक उठून सांगायचे, आणि सोबत दोन ढिम्म बसलेली माणसं मुद्दाम ठेवली तर फक्त १० टक्के. छान गोष्ट आहे, लोक माना डोलावतात. पण त्याआधी ही मुलगी, अजून पँट लाल, हात वर करून म्हणाली, "मी खाली पडल्या पडल्या बघत होते, कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं, सगळे मॅडमकडे बघत होते." म्हणजे परवानगी मिळतेय का ते. सव्वीस शिकलेली, कमावती, मोठी माणसं ट्रेनरच्या मानेच्या हालचालीची वाट बघत होती. खालून बघितल्याशिवाय हे दिसलं नसतं, आणि मी कधी खाली पडलेच नव्हते. तेव्हापासून मी ड्रिल सुरू झालं की हॉलबाहेर जाते.

हे एवढं विस्ताराने सांगतेय कारण इंटर्नशिपच्या चर्चेत लोक नेहमी "मुलाला काय मिळेल" एवढंच विचारतात. मिळतं ना. पण ट्रेनिंगलाही मिळतं. सोळाव्या वर्षी माणूस अजून मोठ्यांच्या अडखळण्याला सरावलेला नसतो, त्याला ते अजून विचित्र वाटतं, आणि ते विचित्र वाटणं आमच्या धंद्यात सोन्यासारखं आहे.

बरं, आता विरोधातले मुद्दे. पहिला म्हणजे पोरांत ताकद नसते, सीपीआर त्यांचं काम नाही. हा सगळ्यात लंगडा. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या शाळांत अभ्यास झालाय, २००७ साली छापून आला, त्यात ९-१० वर्षांच्या मुलांना पुरेसं खोल दाबता आलं नाही पण हात कुठे ठेवायचा आणि वेग किती हे त्यांना जमलं, आणि १३-१४ ची मुलं जवळजवळ मोठ्यांइतकंच चांगलं दाबत होती. सोळाव्या वर्षी तर प्रश्नच मिटला. "मुलं जीव वाचवतात" या अर्थाच्या नावाची एक आंतरराष्ट्रीय मोहीम आहे, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पाठिंबा दिला, त्यात मागणी साधी आहे, बारा वर्षांपासून पुढे किंवा त्याआधीपासून, वर्षाला दोन तास. दोन तास! एका सहलीच्या तयारीला याहून जास्त जातात.

दुसरा मुद्दा भीतीचा, म्हणजे त्या फोनवाल्या बाईंचा. याला मी लंगडा म्हणणार नाही. मुलं घाबरतात हे खरंय. त्याच ड्रिलमध्ये एक गडबड झाली होती, ती सांगायला हवी. एका माणसाने उत्साहात टूर्निके खरोखर आवळला. सरावात आम्ही तो बांधून दाखवू देतो पण पूर्ण आवळू देत नाही, कारण तो भयंकर दुखतो, नीट लावला तर दुखायलाच हवा. ती ओरडली. आणि लोकांना वाटलं काय मस्त अ‍ॅक्टिंग करतेय. पाच-सहा सेकंद तसेच गेले. मग तिने ठरलेला शब्द ओरडून सांगितला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. प्रत्येक ड्रिलच्या आधी एक शब्द ठरलेला असतो, तो कोणीही म्हटला की खेळ बंद, म्हणजे आता जे चाललंय ते खरं आहे. तो शब्द तिला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावला होता, आणि तिने तो बोलायला पाच-सहा सेकंद घेतले, कारण तिला वाटलं ड्रिल बिघडेल. संध्याकाळी मी तिच्या घरी स्वतः फोन करून सगळं सांगितलं, चूक आमची होती, आवळणाऱ्यावर नजर ठेवायला माणूस ठेवला नव्हता. पुढच्या आठवड्यापासून अठरा वर्षांखालच्या कोणाच्याही अंगावर टूर्निकेचा सराव करायचा नाही असा नियम केला, त्यासाठी प्लास्टिकचा पाय आहे.

तर भीती असते, चुकाही होतात. पण यावरचा उपाय मुलीला कॉम्प्युटरसमोर बसवणं हा नाहीये. उपाय म्हणजे रेघ कुठे मारायची ते ठरवणं, आणि ती रेघ माझ्या मते सोपी आहे, अलीकडे खोटं, तिथे मुलं, पलीकडे खरं, तिथे मोठी माणसं. सरावाची जखम चालेल, खरी नाही. ड्रिलचा फोन चालेल, कंट्रोल रूममध्ये बसून खरे कॉल ऐकणं नाही. काही कंपन्या "एक्सपोजर" म्हणून पोरांना अ‍ॅम्ब्युलन्सच्या फेरीला पाठवतात, अपघाताच्या जागी नेतात, आणि मग त्याचे फोटो टाकतात. हे मला अजिबात मान्य नाही. एक तर त्या स्ट्रेचरवरच्या माणसाने तुमच्या इंटर्नला बघायची परवानगी दिलेली नसते. आणि दुसरं, धोक्याच्या कामासाठी किमान वय १८ हे काही माझ्या मनातलं नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या करारातच ते आहे. त्याच करारात शाळेतून होणाऱ्या प्रशिक्षणाला वेगळी वाट ठेवलीय, ती वाट सरावाच्या हॉलपर्यंत जाते, हायवेपर्यंत नाही जात.

फोटोंचा विषय निघालाच आहे तर, १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये फुटबॉलच्या मॅचमध्ये क्रिस्टियन एरिक्सन मैदानावर कोसळला तेव्हा डॉक्टर त्याच्यावर काम करत होते आणि त्याच्या टीमचे खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, कॅमेऱ्यांना दिसू नये म्हणून. मी हे चित्र प्रत्येक बॅचला दाखवते. सीपीआर येत नसेल तर निदान भिंत व्हा, एवढं तर जमेल.

तिसरा मुद्दा मात्र मला खरोखर झोंबतो, खोटा आत्मविश्वास. सहा आठवडे डमी दाबल्या, सर्टिफिकेट मिळालं, आणि आता हा मुलगा कुठेतरी आग लागल्यावर आत धावणार. हे होऊ शकतं. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपानंतर काहीही ट्रेनिंग नसलेल्या लोकांनी आपणहून ढिगाऱ्यांत शिरून सुमारे ८०० जणांना बाहेर काढलं, आणि त्याच प्रयत्नात शंभराच्या वर लोक स्वतः मेले. अमेरिकेत नागरिकांच्या मदत-पथकांचं जे ट्रेनिंग चालतं त्यात ही गोष्ट सांगतात. अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. शिकवलं नाही तरी माणसं धावणारच आहेत, धावणं थांबवता येत नाही. मग शिकवायचं काय तर आधी थांबायला. आमच्या कोर्सची पहिली पायरी कधीच रुग्ण नसतो, पहिली पायरी म्हणजे जागा सुरक्षित आहे का ते बघणं. वायर पडलीय का, गॅसचा वास येतोय का, मागून गाडी येतेय का. मुलांना हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि मोठ्यांना पण. मी इंटर्नला मुद्दाम हेच काम देते, प्रत्येक ड्रिलमध्ये हातात वही घेऊन उभं राहायचं आणि लिहायचं की किती जणांनी वाकण्याआधी आजूबाजूला पाहिलं. त्या सव्वीस जणांच्या बॅचमध्ये दुसऱ्या फेरीला तिने लिहून आणलं, चार. सव्वीसातले चार. हा आकडा ज्याने स्वतः मोजलाय त्याच्यात फुकाचा आत्मविश्वास येत नाही, उलट थोडी धास्तीच बसते, आणि बसावी.

खोटा आत्मविश्वास येतो तो सर्टिफिकेटमधून. एका दिवसाचा कोर्स, दुपारी फोटो, संध्याकाळी चकचकीत कागद, आणि शाळा खूश, पालक खूश. सीपीआरचं कार्ड साधारण दोन वर्षं चालतं पण हात त्याच्या कितीतरी आधी विसरतात, तीन ते सहा महिन्यांत दाब उथळ व्हायला लागतो, वेग बिघडतो, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे आणि कार्डावर कोणी छापत नाही. इंटर्नशिपचा फायदा असा की तिथे तेच तेच पुन्हा होतं. सहा आठवड्यांत तिने बहुतेक तीस वेळा तोच तास ऐकला असेल. शेवटी शेवटी मी वाक्य अर्धं सोडलं की ती मागून पूर्ण करायची, आणि एकदा तर माझं चुकलेलं वाक्य तिने दुरुस्त केलं, सगळ्यांसमोर. मला थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

पैशांबद्दल दोन शब्द, कारण यावर कोणी बोलत नाही. अनेक कंपन्यांना हायस्कूलचा इंटर्न म्हणजे फुकटचा हमाल वाटतो. डमी गाडीत चढवा, उतरवा, पुसा, रक्त मिसळा, जखमी म्हणून पडा, आणि बदल्यात "अनुभव". जे काम इंटर्न आला नसता तर तुम्ही पैसे देऊन करून घेतलं असतं त्याचे पैसे द्या, विषय संपला. ड्रिलमध्ये जखमीचं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला मानधन मिळतं आणि शेजारी पडलेल्या मुलीला टाळ्या मिळतात हे कसं काय चालतं? आणि याची दुसरी बाजू अशी की फुकट काम करणं ज्यांच्या घरी परवडतं तीच मुलं येतात. ज्याला सुट्टीत घरी हातभार लावायचाय तो पोरगा कधीच येत नाही, आणि बघायला गेलं तर कारखान्याच्या, मजुरीच्या, नदीच्या कडेच्या वस्तीत राहणाऱ्या त्याच पोराला हे सगळ्यात आधी लागणार आहे.

इथे माझा खरा आग्रह येतो, की हे वर्गात परत गेलं पाहिजे. नॉर्वेने १९६१ पासून शाळांत सीपीआर शिकवायला घेतला. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत सक्तीचा केला, पुढच्या वर्षी ड्रायव्हिंग लायसन्सला जोडला, सार्वजनिक ठिकाणी एईडी वाढवले. २००१ मध्ये तिथे हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्या माणसांपैकी साधारण २१ टक्के लोकांना बघणाऱ्यांकडून सीपीआर मिळायचा, २०१० पर्यंत ते ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरावर. आता हे सगळं शाळांमुळेच झालं असं कोणी म्हणू नये, एकदम बऱ्याच गोष्टी केल्या त्यांनी. पण शाळा सोडून झालं असतं असंही कोणी म्हणू नये. हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी खाली येते, अ‍ॅम्ब्युलन्स कितीही धावली तरी पहिली चार-पाच मिनिटं शेजारच्याचीच असतात. आणि शेजारी म्हणजे बहुतेक वेळा घरातलंच माणूस. कित्येक घरांत दुपारी मोठं असं कोण असतं, तर ही शाळेतून आलेली पोरंच.

सगळे विचारतात शिकवणार कोण, शिक्षकांना वेळ नाही, ट्रेनर परवडत नाहीत. अहो, मग हा इंटर्न कशासाठी आहे? ज्याने तीस वेळा तो तास ऐकलाय, डमी उघडून बसवलीय, मोठ्यांना चाळीस सेकंद गोठलेलं पाहिलंय, त्याला शाळेने परत आल्यावर एक ट्रेनर सोबत देऊन दर वर्गावर दोन तास द्यावेत. मुलं मुलांचं ऐकतात. जपानमधल्या कामाइशीत ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा मिडल स्कूलची पोरं कोणाची वाट न बघता टेकडीकडे पळत सुटली, शेजारच्या प्राथमिक शाळेतल्या लहानग्यांनी त्यांना पळताना पाहिलं आणि तीही निघाली, पुढे मोठ्यांनी लहानांचे हात धरले, ठरलेल्या जागी पोचल्यावर ही जागा पुरेशी उंच नाही म्हणून अजून वर गेली. त्सुनामीने खालच्या दोन्ही शाळा बुडवल्या. त्या दिवशी शाळेत असलेली मुलं वाचली. त्यांचा सराव कित्येक वर्षं चालू होता, आणि त्यात शिकवलं काय होतं तर नकाशावर विश्वास ठेवू नका आणि पहिले पळणारे तुम्ही व्हा. परवानगीची वाट बघू नका, हेच ना शेवटी. माझ्या सव्वीस जणांना जे जमलं नाही ते.

ट्रेनिंग कंपन्यांना यात तोटा दिसतो हेही मला माहीत आहे. शाळेत फुकट शिकवलं तर आमच्याकडे कोण येणार, वगैरे. माझ्या मालकांनी पण हेच विचारलं. मी म्हटलं, ज्या पोराने शाळेत दाबायला शिकलंय ते उद्या ऑफिसात लागेल, आणि तिथे पहिल्या दिवशी विचारेल की इथला एईडी कुठे लावलाय. तो कुठेच लावलेला नसेल तर फोन कोणाला येणार आहे?

आता त्या मुलीचा शेवट. सहा आठवडे झाले, शाळेकडून मूल्यमापनाचा फॉर्म आला. वेळेवर येते का, पोशाख नीटनेटका आहे का, संवादकौशल्य, टीमवर्क, प्रत्येकाला पाचपैकी चांदण्या. "आत्मसात केलेली कौशल्ये" याला तीन ओळी. मी चांदण्या भरल्या, पोशाखाला तीन दिल्या कारण पँट खरंच लाल झाली होती आणि तीच घालून ती दोन आठवडे आली. तीन ओळी पुरल्या नाहीत म्हणून मी कागद उलटा केला आणि मागे पेनाने लिहिलं. सात नंबरच्या डमीचं लिहिलं, शर्टाच्या बटणांचं, सव्वीसातल्या चारांचं, ठरलेला शब्द उशिरा बोलली तेही लिहिलं. आणि खाली, हिला तुमच्या प्रत्येक वर्गावर दोन तास द्या, डमी आम्ही पाठवतो, पैसे नकोत, तारीख कळवा.

आठवड्याने शाळेच्या ऑफिसातून फोन आला. मला वाटलं तारीख. तिथल्या बाई म्हणाल्या, मॅडम, सिस्टीममध्ये फक्त पुढची बाजू स्कॅन होते, मागे लिहिलेलं चालत नाही, तीन ओळींत बसवून परत पाठवता का. मी म्हटलं बसवते. नवीन फॉर्म घेतलाय, तिन्ही ओळींत फक्त शेवटचं वाक्य लिहिलंय आणि सोबत एक डमी पाठवतेय, सात नंबरची, स्प्रिंग बदलून.